तारकर्लीचं शिसं तळ्यात चालत नाही

दिवाळीच्या सुट्टीत मालवणला गेलेली मंडळी घरी परतली की माझा फोन वाजायला लागतो. मी हौशी पाणबुड्या आहे हे ओळखीपाळखीत सगळ्यांना ठाऊक आहे. त्यामुळे प्रश्न ठरलेला असतो. "काका, स्कूबा केलं, भन्नाट होतं! आता पवनेच्या धरणात उतरायचंय. सिलिंडर भाड्याने कुठे मिळेल?" कुणाला मुळशी हवं असतं, कुणाला उजनीतलं बुडालेलं देऊळ बघायचं असतं. एका पठ्ठ्याला तर गावाजवळच्या सोडून दिलेल्या दगडखाणीत उतरायचं होतं. पाणी निळंशार दिसतं, एवढंच कारण.

या सगळ्यांना फोनवर जे सांगतो तेच इथे लिहितो. समुद्रात जे शिकलात ते समुद्राचं आहे. गोड्या पाण्यात उतरायचं तर ते नव्याने शिका, आणि आपल्या धरणांत व खाणींत हौसेखातर उतरूच नका.

आधी मालवणात आपण नेमकं काय केलं ते बघू. किनाऱ्याजवळ, पाच-सात मीटर पाण्यात, पंधरा-वीस मिनिटं. प्रशिक्षकाने मागून सिलिंडर धरून ठेवलेलं, जॅकेटात हवा कधी भरायची आणि कधी सोडायची हे त्याच्या हातात. आपण मासे बघितले, अंगठा-तर्जनीचा गोल करून 'ठीक' म्हणून दाखवलं, फोटो काढून घेतला. यात कमीपणा काही नाही, माझीही सुरुवात तिथलीच. पण एसटीत खिडकीशी बसून घाट बघितला म्हणून कुणी एसटी चालवायला घेत नाही. ज्यांनी पुढे जाऊन चार-पाच दिवसांचा ओपन वॉटरचा कोर्स केला त्यांना १८ मीटरपर्यंत जोडीदाराबरोबर उतरायची मुभा मिळते. तीही, जसल्या पाण्यात शिकलात तसल्याच पाण्यात. हे वाक्य कोर्सच्या पुस्तकात असतं आणि परीक्षा झाली की सगळे विसरतात. मीही विसरलो होतो.

मुलगी झुरिचला नोकरीला आहे. तिने तिथे डायव्हिंग शिकून घेतलं आणि एका उन्हाळ्यात मला म्हणाली, "बाबा, तुम्ही समुद्रवाले. चला, आता आमचं तळं बघा." माझ्या नावावर तोवर मालवणजवळची तारकर्ली आणि अंदमान मिळून तीसेक बुड्या. ऐट होती. समुद्रात तीन मिलिमीटर जाडीचा रबरी सूट आणि बुडता यावं म्हणून कमरेला पाच किलो शिसं हे माझं ठरलेलं माप. तळ्याकाठी सात मिलिमीटरचा सूट, टोपी, हातमोजे असा जामानिमा चढवला. जाड सूट जास्त तरंगतो, म्हणजे शिसं वाढवायला हवं, एवढं मला माहीत होतं. मी बारा किलो बांधलं. मुलीने विचारलं, "बाबा, काठावर एकदा तपासून बघूया का?" मी म्हटलं, "अगं, तीस बुड्या झाल्यात माझ्या."

उतरलो तो दगडासारखा. तळ उताराचा होता म्हणून चौदा मीटरवर थांबलो, नाहीतर ते तळं पुढे शंभर मीटरच्याही खाली जातं. गुडघ्यापर्यंत गाळात रुतलो, गाळ उसळला आणि हातातल्या विजेरीचा प्रकाश दुधात पडल्यासारखा झाला. श्वास धापा टाकल्यासारखा चालू. मुलीने माझ्या जॅकेटचा पट्टा धरला, माझ्या हाताने माझ्याच जॅकेटात हवा भरायला लावली आणि सावकाश वर आणलं. वर आल्यावर ती काही बोलली नाही. शिशाचे तुकडे एकेक काढून काठावर मांडत गेली. चार किलो निघालं.

कुठे चुकलं ते सांगतो, कारण नव्वद टक्के लोक इथेच चुकतील. गोड्या पाण्याचा एक लिटर एक किलोचा असतो. समुद्राचा लिटर मिठामुळे साधारण एक किलो पंचवीस ग्रॅमचा. माणूस, सूट, सिलिंडर सगळं मिळून शंभर लिटर जागा व्यापत असेल, तर समुद्र त्याला गोड्या पाण्यापेक्षा अडीच किलो जास्त जोराने वर ढकलतो. तळ्यात ती ढकल मिळत नाही. म्हणजे सूट तोच असेल तर तळ्यात दोन-अडीच किलो शिसं कमी लागतं. त्यात तारकर्लीतलं माझं सिलिंडर ॲल्युमिनियमचं, रिकामं होत आलं की तरंगू पाहणारं. झुरिचचं पोलादी, शेवटपर्यंत जड. आणि जाड सूट वर कितीही तरंगवत असला तरी खाली गेलं की दाबाने त्याच्या रबरातले हवेचे बुडबुडे चेपतात, सूट पातळ होतो, तरंगणं कमी होतं. म्हणजे जसजसे खाली जाल तसतसे आणखी वेगाने खाली जाल. ही तिन्ही कारणं मला सुटी सुटी माहीत होती. एकत्र मांडली नव्हती.

उपाय सोपा आहे आणि दहा मिनिटांचा आहे. नवा सूट, नवं सिलिंडर, नवं पाणी, यांतलं एक जरी बदललं तरी काठाजवळ, पाय टेकतील तिथे वजन तपासा. जॅकेटातली हवा सगळी सोडा, नेहमीचा श्वास घेऊन धरा. पाणी डोळ्यांच्या रेषेत राहिलं पाहिजे, श्वास सोडला की हळूच बुडायला हवं. तपासणी भरलेल्या सिलिंडरवर करत असाल तर वर साधारण अडीच किलो जोडा, कारण सिलिंडरमधल्या हवेलाच तेवढं वजन असतं आणि बुडी संपेतो ती खर्च झालेली असते. आकडा वहीत लिहून ठेवा, पुढे 'समुद्र' की 'तळं' हेही लिहा. आणि काठावर कुणी 'तपासूया का' म्हटलं तर हो म्हणा, मग विचारणारी तुमच्या मांडीवर वाढलेली पोर का असेना.

आता थंडी. मालवणचं पाणी डिसेंबरातही अंगाला बरं वाटतं. युरोपातलं तळं ऑगस्टात वरून तसंच वाटतं, २३-२४ अंश, काठावर पोरं डुंबत असतात. पण उन्हाने तापलेला तो थर वरवरचाच असतो. दहा-बारा मीटरवर हात एका अदृश्य पडद्यातून आरपार जावा तसा गारवा लागतो, आणि वीस मीटरवर पाणी दहा अंशांच्याही खाली. पाणी चार अंशांना सगळ्यांत जड असतं, म्हणून खोल तळ्यांच्या तळाशी बारा महिने साधारण तेवढंच तापमान साचून राहतं.

या थंडीत माणसाआधी यंत्र कुरकुरतं. सिलिंडरमधली २०० बार दाबाची हवा रेग्युलेटरमधून, म्हणजे ती तोंडापर्यंत पोचवणाऱ्या यंत्रातून, सुटताना पसरते, आणि पसरणारी हवा गार होते. पाणी आधीच गार असेल तर रेग्युलेटरच्या आत बर्फ धरतो, झडप उघडी अडकते आणि हवा भसाभसा वाहायला लागते. दिसायला भयंकर असतं, पण त्यातून श्वास घेता येतो. रेग्युलेटर अर्धा ओठात धरा, जास्तीची हवा बाजूने जाऊ द्या, जोडीदाराला खूण करा आणि त्याच्यासोबत वर या. वर सुसाट पळू नका. श्वास धरून ठेवलात तर दहा मीटरवर फुफ्फुसात भरलेली हवा वर येईतो दुप्पट होते, आणि फुफ्फुसं दुप्पट होत नाहीत. मिनिटाला नऊ मीटर, त्याहून जलद नाही. बर्फ धरू नये म्हणून गार पाण्यासाठी बनवलेलाच रेग्युलेटर घ्या, काठावरच्या थंड हवेत तो तोंडात धरून गप्पा मारू नका, आणि जॅकेटात हवा एकदम न भरता थोडी थोडी भरा. तळ्यांत नेहमी उतरणारे लोक सिलिंडरला दोन स्वतंत्र झडपा आणि दोन स्वतंत्र रेग्युलेटर लावतात, एक अडकला तर दुसरा. आपल्याकडे असलं काही कुणी दाखवत नाही, कारण गरजच पडत नाही.

बीपीची गोळी घेणाऱ्यांनी इथे जरा थांबावं. गार पाण्यात हातापायांच्या रक्तवाहिन्या आकसतात, रक्त छातीकडे येतं, आणि बीपी असलेल्या माणसाच्या फुफ्फुसांत कधी कधी पाणी उतरतं, नाकातोंडात थेंब न जाता. धाप, खोकला, फेस. पंचेचाळिशी उलटलेल्यांनी, दम्याच्या, हृदयाच्या रुग्णांनी डॉक्टरला विचारल्याशिवाय उतरू नये. उतरण्याआधी भरायच्या तब्येतीच्या फॉर्मवर सगळीकडे 'नाही' लिहून मोकळं होणं ही आपली जुनी खोड आहे. तो फॉर्म दुकानदारासाठी नसतो.

गाळाचं थोडक्यात सांगतो. समुद्रात आपण उतरतो तिथे तळाशी बहुतेक वाळू असते, उडाली तरी लगेच बसते. तळ्यातला गाळ पिठासारखा, एकदा उडाला की अर्धा तास खाली बसत नाही. म्हणून पाय सायकलसारखे वरखाली मारायचे नाहीत, बेडकासारखे मागे आडवे मारायचे, आणि तळापासून दीड-दोन मीटर वर राहायचं. दिवसाही विजेरी हवी. जोडीदार दिसेनासा झाला तर एक मिनिट जागच्या जागी फिरून शोधायचं, नाही सापडला तर सावकाश वर. त्यानेही तसंच करायचं. हे उतरायच्या आधी काठावर एकमेकांना बोलून दाखवायचं.

यापुढचा मुद्दा मराठी माणसाच्या जास्त जवळचा आहे, कारण त्यात घाट येतो. डायव्हिंगची वेळ-खोलीची नेहमीची कोष्टकं समुद्रसपाटीला धरून आखलेली आहेत. पाण्याखाली दाबामुळे रक्तात नायट्रोजन विरघळतो. वर आल्यावर तो हळूहळू निघून जातो. दाब एकदम कमी झाला तर गोटी सोड्याची गोटी दाबल्यावर जे होतं तेच अंगात होतं. उंचीवर हवेचा दाब मुळातच कमी, म्हणून ३०० मीटरच्या वरच्या तळ्यात समुद्राची कोष्टकं चालत नाहीत. झुरिचचं तळं ४०६ मीटरवर आहे, जिनिव्हाचं ३७२ वर. पुणं स्वतः ५६० मीटरवर आहे आणि भोवतीची धरणं त्याहून वर. मनगटावरच्या डाइव्ह कॉम्प्युटरला उंची आणि 'गोडं पाणी' दोन्ही सांगावं लागतं. काही आपणहून ओळखतात, काही नाही. आपला कुठल्या जातीचा आहे ते पुस्तिका उघडून बघा.

आणि तळ्यात कधीच उतरला नाहीत तरी हे लागू आहे. तारकर्लीत कोर्सच्या दोन-तीन बुड्या सकाळी उरकायच्या, माशाचं जेवण करायचं आणि संध्याकाळी गाडी आंबोलीच्या घाटाला लावायची, रात्री कोल्हापूर, पहाटे पुणं, हा आपला लाडका बेत. आंबोली सुमारे ७०० मीटरवर आहे. विमानाबद्दल सगळे सांगतात, की एका साध्या बुडीनंतर १२ तास आणि अनेक बुड्यांनंतर १८ तास उडू नका. घाटाबद्दल कुणी बोलत नाही. पंधरा मिनिटं मासे बघून आलेल्यांनी घाबरायचं कारण नाही, तेवढ्यात फारसा नायट्रोजन साचत नाही. पण रोज दोन-तीन बुड्या केल्या असतील तर एक रात्र जास्त मुक्काम करा. नंतर खांदे-गुडघे दुखायला लागले, हातापायांना मुंग्या आल्या, अंगावर चट्टे उठले तर 'प्रवासाने दुखत असेल' म्हणून बाम चोळत बसू नका. आडवं झोपवा, शुद्ध ऑक्सिजन द्या, दवाखाना गाठा आणि डॉक्टरला पहिल्या वाक्यात सांगा की काल मी पाण्याखाली होतो. 'पुन्हा एकदा खाली जाऊन ये, बरं वाटेल' असला सल्ला देणाराही एखादा भेटतो. त्याचं ऐकू नका.

आता आपली धरणं. नाही म्हणतो त्याची कारणं देतो.

धरण हे मुळात तळं नाही, यंत्र आहे. त्याला तोंडं आहेत: कालव्याची, वीजघराची, पिण्याच्या पाण्याच्या विहिरीची. दार उघडलं की पाणी तिकडे ओढलं जातं, आणि वर पाणी कितीही स्तब्ध दिसलं तरी त्या तोंडापाशी गेलेला माणूस जाळीला चिकटतो. तो स्वतः सुटत नाही आणि ओढून सोडवता येत नाही. फुगवट्याच्या काठाने शेतकऱ्यांच्या मोटारी असतात, त्यांच्या केबल पाण्यातून गेलेल्या असतात, आणि कुठल्या केबलचं वेष्टण फाटलंय हे पाण्यात असताना कळतं तेव्हा उशीर झालेला असतो. नायलॉनची जाळी आहेत, टाकून दिलेली सुद्धा, ती पाण्यात दिसतच नाहीत. झाडांचे बुंधे, विहिरी, पडक्या भिंती, कुंपणाच्या तारा, जे जे बुडवलं ते सगळं तिथेच आहे. पाणी पिण्याचं असेल तर उतरायला बंदी असते. परवानगी देणारं खातं जलसंपदा विभाग, मुळशीसारख्या ठिकाणी टाटांची वीज कंपनी. 'ओळखीचा वॉचमन आहे' ही परवानगी नव्हे. आणि काही झालंच, तर जवळ ना ऑक्सिजन, ना नाव, ना हे सगळं कळणारा माणूस.

मुळशीचं मला आणखी एक वाटतं, ते सुरक्षेचं नाही. त्या धरणाविरुद्ध सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली १९२१ ते १९२४ मावळातली माणसं सत्याग्रहाला बसली होती, तरी गावं गेली. तिथे कॅमेरा घेऊन 'बुडालेलं गाव शोधतोय' असा व्हिडिओ करावा असं मला वाटत नाही. ज्याला वाटतं त्याने त्या काठावरच्या एखाद्या म्हाताऱ्याला आधी विचारून बघावं.

दगडखाण तर त्याहून वाईट. काठ उभा, बाहेर यायला जागा नाही, आणि निळ्या रंगावरून पाण्याबद्दल खात्रीने काहीच सांगता येत नाही.

एक गोष्ट कळकळीने. गावात कुणी बुडालं की कुणाला तरी आठवतं, अमक्याचं पोर स्कूबा शिकलंय. मग त्याला बोलावणं जातं, आई-बापांचा आक्रोश समोर असतो, आणि ते बावीस वर्षांचं पोर नाही म्हणू शकत नाही. त्याला पाठवू नका. गढूळ पाण्यात हातांनी चाचपडत शोध घेणं हे वेगळं, दोरीवर चालणारं काम आहे, त्याचं प्रशिक्षण वेगळं असतं. ११२ ला फोन लावा. पुण्याजवळ सुदुंबरे इथे एनडीआरएफचा तळ आहे, जिल्हा प्रशासन त्यांना बोलावू शकतं. बुडणारा अजून हातपाय मारत असेल तर काठावरूनच दोर, ट्यूब, झाकण लावलेला रिकामा कॅन, जे हाताला लागेल ते फेका. पोरा, तुला बोलावलं तर काठावर थांब, बुडालेला माणूस शेवटचा कुठे दिसला ती जागा नीट लक्षात ठेव आणि येणाऱ्या पथकाला दाखव. तेवढी मदत पुरे आहे.

मग गोड्या पाण्यात उतरायचंच नाही का? जरूर उतरा, जिथे ती सोय केलेली आहे तिथे. लेक-जावई इंग्लंडात असतील तर लेस्टरशायरमध्ये स्टोनी कोव्ह नावाची ग्रॅनाइटची जुनी, पाण्याने भरलेली खाण आहे. ती डायव्हिंगसाठीच चालवतात, पायऱ्यापायऱ्यांनी खोली वाढत जाते, बघायला मुद्दाम बुडवलेली बोट आणि हेलिकॉप्टर आहे, आणि काठावर मदत आहे. आइसलँडमध्ये थिंगव्हेलिरच्या तळ्याला लागून सिल्फ्रा नावाची भेग आहे, युरेशिया आणि उत्तर अमेरिका या दोन भूपट्टांच्या सांध्यावरची. हिमनदीचं पाणी लाव्ह्याच्या दगडातून वर्षानुवर्षं झिरपून तिथे येतं, म्हणून शंभर मीटरपर्यंतचं दिसतं. पाणी दोन ते चार अंश, त्यामुळे कोरडा सूट (पाणी आत न शिरू देणारा) वापरण्याचं प्रशिक्षण किंवा अनुभव दाखवल्याशिवाय सिलिंडर घेऊन उतरू देत नाहीत. ज्यांच्याकडे नाही त्यांनी वरून स्नॉर्कलिंग करावं, पाणी इतकं स्वच्छ आहे की फारसं काही हुकत नाही. आफ्रिकेतल्या मलावी सरोवरात रंगीत मासे ढिगाने आहेत, पण गोगलगायींतून पसरणारा बिल्हार्झिया नावाचा रोगही आहे, परतल्यावर तपासणी करून घ्यावी लागते.

झुरिचला मी पुन्हा उतरलो, त्याच काठावर, आठ किलो शिशावर. हिरवट उजेडात पाईक नावाचा लांब तोंडाचा मासा पाणगवतात काठीसारखा स्थिर उभा होता. मी हात लांब करून थांबलो, तोही थांबला. समुद्रात एवढं स्तब्ध काही मी बघितलेलं नाही. बाहेर आल्यावर मुलीने सगळं सामान गरम पाण्याने धुवायला लावलं आणि खडखडीत वाळेपर्यंत दुसऱ्या तळ्याचं नाव काढू दिलं नाही. काळ्या समुद्राकडून आलेला क्वागा नावाचा शिंपला तिकडच्या तळ्यांत पसरतोय. बोडन सरोवरात तो २०१६ मध्ये सापडला, आणि एका तळ्यातून दुसऱ्यात तो बोटीच्या तळाला नाहीतर ओल्या सामानाला चिकटून जातो.

आणि उजनीतल्या देवळाचं ज्यांना फारच लागून राहिलंय, त्यांच्यासाठी. पळसदेवचं पळसनाथाचं देऊळ पाणी पुरेसं उतरलं त्या वर्षी उन्हाळ्यात आपोआप उघडं पडतं. पवनेतलं वाघेश्वराचं देऊळही उन्हाळ्यात वर येतं. सिलिंडर लागत नाही, शिसंही लागत नाही. मे महिन्यात सकाळी लवकर निघा, डोक्याला टोपी आणि पायात बंद बूट घाला, आणि आधी गावात विचारा की गाळ कुठवर वाळलाय. वरून भेगाळलेला दिसतो, पण पाण्याजवळ पाय गुडघ्यापर्यंत जातो.